ओवाळलेली तोटी

खंडेनवमीला स्कूटरला हार घालताना मला हटकून मल्लूअण्णा आठवतात. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका मिलमध्ये फिटर होतो आणि अण्णा विणकाम खात्याचे जॉबर, म्हणजे मुकादम. दर खंडेनवमीला मॅनेजरसाहेबांना हार घालून अण्णा एकच मागणं मागायचे, "खात्यात प्यायच्या पाण्याचा एक नळ द्या." साहेब म्हणायचे, "बघू."

खात्याच्या छताला आग विझवायचे पाइप होते. त्यांच्या तोट्या मऊ धातूच्या डाखानं बंद केलेल्या. चहा उकळायला लागते त्याहून कमी आचेवरच तो डाख वितळतो. आग लागली की तोटी आपोआप उघडते.

त्या वर्षी साहेबांचं "बघू" झालं, माग पुजून झाले आणि अण्णा पेटत्या कापराचं ताट घेऊन शिडी चढायला लागले.

"अण्णा, तिकडं कुठं?" मी खालून विचारलं.

"ह्या तोटीला कुणी कधी ओवाळलंय का? रात्रंदिस आपली राखण करती की ती!"

"अहो, तिला आच चालत नाही!"

"आरतीची आच देवाला लागती व्हय रे?"

त्यांनी निवांत ओवाळलं. डाख वितळला आणि गंजकं पाणी धो धो अण्णांवर, मागांवर, साहेबांच्या पांढऱ्या सफारीवर. मी पळत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

साहेब ओरडले, "जॉबर, हे काय केलंत?"

अण्णांनी शिडीवरूनच हात जोडले. "साहेब, तुमाला इतकी वर्सं हार घालतोय, नळ न्हाय मिळाला. हिला एकदाच ओवाळलं, लगेच पावली बगा."