माझी गाठ, मेहुणीची काच

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्हाला नसत्या चौकशा फार!" अहो, गाठ माझी, मान माझी, मग चौकशी काय शेजाऱ्यानं करायची? तुम्हाला सांगतो, मानेच्या मागे ही एवढी लिंबाएवढी गाठ! डॉक्टरांनी कापून काढली, बाटलीत टाकली आणि म्हणाले, "तपासायला पाठवतो, मग कळेल साधी की वाईट." वाईट! एवढं बोलून गृहस्थ हात धुवायला गेले! बायकोचा चेहरा पांढराफटक... तेव्हापासून घरात कोणी मोठ्यानं बोलेना, नको म्हटलं तरी ताटात दुसरी वाढ, आणि माझ्या डोक्यात एकच भुंगा... पण आत दिसतं तरी काय?

बरं, गाठ गेली कुणाकडे? माझ्या सख्ख्या मेहुणीकडे! तिचं कामच ते. अंगातला तुकडा मेणात बसवायचा, श्वास सोडला तर उडेल इतका पातळ कापायचा, काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. फोन केला तर म्हणते कशी, "भाऊजी, मेण घट्ट तरी होऊ द्या!" आता मेण घट्ट होईपर्यंत इकडे माझं पाणी पाणी, त्याचं काय?

शेवटी दोघं गेलोच तिच्या प्रयोगशाळेत. औषधांचा असा वास की नाकातले केस उभे! ही बाई डोळा लावून बसलेली. काच सरकवते, चाक फिरवते आणि म्हणते, "हं..." अहो, हं म्हणजे काय? बरं हं की वाईट हं? बायकोनं माझा दंड असा आवळला... आणि मेहुणीनं मान वर केली. "ताई, साधी चरबीची गाठ आहे गं. काही नाही."

बायको हुंदके देऊन रडली हो. मीही... म्हणजे, वासानं डोळे झोंबत होतेच. पण म्हटलं, सरक, आत दिसतं तरी काय?

काय सांगू! सगळं गुलाबी! "रंग आम्ही चढवतो भाऊजी, नाहीतर काहीच दिसत नाही." गोल गोल खोल्या, एकीला एक खेटून, पातळ भिंती... आणि आत कोणी नाही! "चरबी कुठंय?" "रसायनात विरघळली." विरघळते? मग मी इतकी वर्षं पळतोय कशाला? "ते प्यायचं नसतं, भाऊजी!"

"आणि भिंतीला चिकटलेला हा जांभळा ठिपका?" "ते पेशीचं केंद्रक. सगळा कारभार त्याच्याकडे. पण चरबी फुगत जाते आणि त्याला कडेला रेटते." मी हरखून बघतच राहिलो. बायकोला म्हटलं, तूही बघ!

तिनं डोळे पुसले, वाकली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, रात्री पलंगावर मी अश्शीच झोपते!"

...मेहुणी म्हणाली, "ताई, अचूक निदान!" आता वैद्यकशास्त्रापुढे आपण काय बोलणार? खाली सतरंजी टाकून झोपतो.