पडलेल्याला पाणी

द्वारका चौकात लासलगावच्या बसची वाट बघत उभा होतो. माझ्यापुढे मायलेकी होत्या. लेकीच्या शर्टावर अॅम्ब्युलन्सच्या कोर्सचा बिल्ला होता.

“लले, भर रस्त्यात त्या म्हातारीच्या हातातली बाटली हिसकली तू! तिचा लेक पडला व्हता. पानी पाजीत व्हती ती.”

“तो बेशुद्ध होता, आई! बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनळीत जातं. गुदमरून मरतो माणूस.”

“लोकं काय काय बोलले तुला! मला तोंड लपवावं वाटलं.”

“बोलू देत. मी त्याला कुशीवर वळवला, म्हणून जिवंत दवाखान्यात गेला. ते नाही कुणी बोललं!”

“लय शहाणी झाली! आमी काय येडे व्हतो? पडल्याला आधी पानीच देत्यात आपल्यात. तुझा बाप ट्रॅक्टरवरून पडला, तवा मीच तांब्या लावला ना त्याच्या तोंडाला?”

“आई, पुरे आता.”

“का पुरे? बोल की! शुद्ध तर त्यालाबी नव्हती. दवाखान्यापातूर जित्ता पोचला नाय तो... लले?”

“बस येईल. पिशवी उचल.”

“तुला कधी कळलं हे?”

“कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात.”

“आन् मला बोलली नाय? भांडायचं व्हतं माझ्यासंगं! रोज माझ्याच हातचं पानी पीत राह्यली?”

“मग काय करू? दे तुझी पाण्याची बाटली इकडं. ओरडून ओरडून घसा सुकलाय माझा.”