बुरांसाची खोली

पल्लवी : हात नका लावू! काका, त्या कुंडीला हात नका लावू म्हटलं ना.

गणपत : कलंडलीय. सरळ करत होतो.

पल्लवी : आता सरळ करून काय करायचंय? हे पान बघा. बोटात धरलं की चुरा होतोय. ही रांग गेली, ती मधली पण गेली. तीन वर्षं, काका! हिमालयातल्या चमोलीहून बी आणलं, रोपं केली, सुरतेच्या उन्हाळ्यात त्यांना डोंगरातल्यासारखं गार ठेवलं. मी एक दिवस बारडोलीला काय गेले, तुम्ही दार सताड उघडं टाकलंत!

गणपत : टाकलं.

पल्लवी : चावी विश्वासानं दिली होती मी तुमच्याकडे.

गणपत : चावी व्हती म्हून चावीनं उघडलं. नसती तर कुलूप फोडलं असतं.

पल्लवी : वर तोंड करून सांगताय?

गणपत : खाली घालावं असं म्या काही केलं न्हाई.

पल्लवी : नाही केलं? फरशीवर चिखल, बेंचखाली भाकरीचे तुकडे, तंबाखूची पुडी! ही प्रयोगाची खोली आहे का धर्मशाळा? आणि ते कूलिंगचं मशीन... दार उघडं ठेवून चालवलंत, बिचारं शेवटी ट्रिप झालं. सतरावरची खोली अडतिसावर गेली! आत्ता येऊन मी परत चालू केलं ते.

गणपत : मशीन बिचारं. बरं.

पल्लवी : टोमणे नका मारू मला.

गणपत : मग ऐक. काल दुपारी शेजारच्या बांधकामावर एक बाई पडली. वर्षा तिचं नाव. शिरपूरकडची. घमेलं डोक्यावरून सुटलं आन खाली बसली ती उठंच ना. अंग तव्यावानी, अन् घामाचा टिपूस न्हाई. कायबाय बरळायली. नवऱ्याला वळखंना. तिला कुठं न्यावं? पंख्याखाली? माझ्या वॉचमनच्या केबिनचा पंखा गरम वारं फेकतोय.

पल्लवी : अँब्युलन्स...

गणपत : बोलावली. येती म्हनले. तोवर बाईला उन्हात ठिवू? आनली हितं. ह्या दोन बेंचांच्या मधी निजवली, अंगावर पानी घातलं. मागून बाकीच्या बाया आल्या, त्यांचे गडी आले. कुनाची जीभ कोरडी, कुनाला उलटी. त्यांना काय म्हनू, भाईर व्हा, हितं झाडं राहत्यात?

पल्लवी : मला फोन करायचा.

गणपत : केला. दोनदा केला. तू उचलला न्हाई.

पल्लवी : मीटिंगमध्ये होते मी!

गणपत : मग झालं तर.

पल्लवी : नाही झालं! तिला आत घेतलंत, चांगलं केलंत. पण दार का नाही लावलंत? माणसं आत घ्या, दार लावा, एवढंच होतं. एक येतोय, एक जातोय, दार तसंच. तुम्हाला माहितीये का यांचं काय झालं असेल? पानाला बारीक बारीक तोंडं असतात. त्यातून पाणी उडतं म्हणून पान गार राहतं. ऊन फारच झालं की पाणी वाचवायला झाड ती तोंडं मिटून घेतं. मग पाणी वाचतं, पण पान तापत जातं. आतल्या आत शिजतं, काका. आणि हे बुरांस, यांना तर थंडीची सवय. हिमालयातली झाडं ती.

गणपत : ती बाई बी आतल्या आत शिजतच व्हती.

पल्लवी : मला कळतंय ते! म्हणून मी रागवायचंही नाही का? मला चार टिपं गाळायला पण जागा नाही? तिकडे डोंगरातसुद्धा आता ऊन वाढलंय. खालच्या झाडांनी वर सरकत सरकत जायचं, आणि माथ्यावरच्यांनी कुठं जायचं? तेच शोधतेय मी. चैन म्हणून नाही लावली ही खोली.

गणपत : चैन म्हनलं न्हाई म्या.

पल्लवी : तोंडावर लिहिलंय तुमच्या.

गणपत : तोंडावर घाम हाय, पोरी. दुसरं काही न्हाई. ...ती भिंतीकडची रांग तर हिरवी दिसती.

पल्लवी : कुठली?

गणपत : ती काय.

पल्लवी : ...ही? थांबा, सरका जरा. पानं लोंबलीत, पण ओली आहेत. कोंब जिवंत आहे. याचा पण. याचा पण...

गणपत : ह्यांना काय येगळं पानी देतीस व्हय?

पल्लवी : पाणी तेच. ह्यांना मी वेगळ्या दिव्याखाली थोडं थोडं तापवत होते. आठवड्याला जरासं, त्यांना सोसेल एवढंच. वेळ मिळाला की झाड आत तजवीज करतं. एका जातीची प्रथिनं बनवतं, बाकीच्या प्रथिनांना बिघडू देत नाहीत अशी. मेलेल्या रांगा कायम गार होत्या. त्यांच्यावर उष्णता एकदम आली.

गणपत : म्हंजे तुझं म्हननं खरं निघालं की.

पल्लवी : असं नको होतं मला खरं! पुढच्या महिन्यात मोजूनमापून करणार होते. कुठल्या कुंडीला किती ऊन लागलं, कोण सांगणार? याला कोणी पुरावा मानणार नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

(दारात लोटू येऊन थांबतो. कपड्यांवर सिमेंटची पूड.)

लोटू : गणपतबाबा, येऊ का आत?

गणपत : ये. हा लोटू, ताई. त्या वर्षाचा नवरा. कशी हाय रे?

लोटू : वाचली. रातभर सलाईन चालू होती. सकाळले माले ओळखलं तिनं. डॉक्टर म्हने किडनीवर ताण आलाय, चार-आठ दिवस ठेवू. तिची बहीन बसलीय जवळ.

पल्लवी : मग तुम्ही इकडे काय करताय?

लोटू : आज स्लॅब शे ना, ताई. मिक्सर लागला की थांबता येत नाही. ठेकेदार म्हने, आज गेला तर उद्या येऊ नको. तेच विचाराले आलो. दुपारले ही खोली उघडाल का?

पल्लवी : आज परत? नाही! एक रांग उरलीय माझी. नाही म्हणजे नाही.

लोटू : बरं.

पल्लवी : बरं काय? तुमच्यासाठी शेड बांधलीय ना तिकडे?

लोटू : शेडमा सिमेंट ठेवलंय. गोण्या खराब होतीन म्हने.

पल्लवी : काय?

लोटू : सिमेंटले शेड, झाडांले मशीन. आमले काय? माझी बायको ह्या फरशीवर लोळत होती काल. तुम्ही झाडं मोजा, ताई. मी जातो.

पल्लवी : थांबा. माझ्यावर कशाला ओरडता? सिमेंट मी ठेवलं का तिथं?

लोटू : मंग कोनावर ओरडू? ठेकेदारावर ओरडलो तर काम जाई.

पल्लवी : ...काका, माझा फोन द्या. तो, बेंचवरचा. डायरेक्टर सरांनाच लावते. ...हॅलो, सर. हो, बघितलं. दोन रांगा गेल्या. ...कोणी उघडलं ते सांगते, आधी ऐका. आपल्या संस्थेच्या नव्या बिल्डिंगवर काल एक बाई मरता मरता वाचली. कामगारांच्या शेडमध्ये सिमेंट भरलंय. आत्ता रिकामी करायला सांगा. ...ठेकेदार आपणच नेमलाय ना, सर? ...बघतो नको, दुपारच्या आत. ...झाडांचं मी निस्तरते, तुम्ही माणसांचं... हॅलो? हॅलो!

गणपत : ठिवला?

पल्लवी : ठेवला. म्हणे, तुम्ही तुमच्या प्रयोगाकडे लक्ष द्या.

गणपत : माझं नाव घ्यायचं ऱ्हायलं.

पल्लवी : घेणार आहे. लेखी देणार आहे. काल गणपतकाकांनी उघडलं, का उघडलं, आणि आज मी उघडलं.

गणपत : तू?

पल्लवी : ती भिंतीकडची रांग उचलायला लागा. मशीनच्या तोंडापाशी घेऊ, पुढं प्लॅस्टिक बांधू. मेलेल्या कुंड्या बाहेर काढा म्हणजे फरशी मोकळी होईल. लोटूभाऊ, सगळ्यांनी एकदम यायचं, एकदम जायचं. मधे कोणी दार उघडलं तर मी हाकलून देईन, सांगून ठेवते. आणि तंबाखू बाहेर.

लोटू : मिक्सर थांबाडना पडी.

पल्लवी : थांबवावा लागला तर थांबवा मिक्सर. ठेकेदार आला तर माझ्याकडे पाठवा. मला आज कोणाशी तरी भांडायचंच आहे.

लोटू : ताई, आणखी एक. बाया गप बसत नाहीत आमच्या. आत बोललं तर चालतं का झाडांले?

पल्लवी : चालतं. बोलू द्या त्यांना.