रायरमामीची पाण्याची वही

माझा जन्म याच घरातला, समोरच्या खोलीतला, आता तुम्ही जेथें बसलात ना तेथला, आणि आधी तो फोन पंख्याखालून काढा, खरखर येईल, मग म्हणाल मामीचं बोलणं कळलं नाही. तसंही ते तुम्हाला अर्धंच कळणार. तुमचं मराठी बातम्यांतलं, आमचं तंजावरचं. आमचे लोक राजांच्या काळी येथें आले, कोणी पागेत, कोणी दप्तरात, आमचे दप्तरातले. राजे गेले, दप्तर गेलं, लिहिण्याची खोड तेवढी राहिली. आम्हाला येथें रायर म्हणतात, म्हणून मी सगळ्या गल्लीची रायरमामी. नाव कमला. नुसतं कमला म्हणून हाक मारायला आता कोणी नाही.

लहानपणी या गल्लीत मराठी बोलणारी सात घरं होती. एक चेन्नैला गेलं, एक बेंगळुरूला, एकाला मूलबाळच नाही, असं करत करत आमचंच राहिलं. माझ्यासाठी स्थळं बघायची तीही आपल्या भाषेतली, आणि ती होती किती, बघता बघता बाबा गेले, मग विषयच निघाला नाही. मी नाचियार्कोविलच्या एका दिव्यांच्या कारखान्यात ऑफिसात लागले. तेथें पितळी दिवे करतात, माहीत असेल तुम्हाला. रोज सकाळची बस. कोणता दिवा, किती उंच, कोणत्या गावाला, पेंढा घातला का, सगळं माझ्या वहीत. मालक म्हणायचे, कमलाम्मा, तुम्ही रजा घेतलीत तर दिवे वाट चुकतील. मी रजा घेतलीच नाही कधी. हे चांगलं म्हणून सांगत नाही, मागाहून कळेल का सांगितलं ते.

कारखान्याची वही तमिळात, घरची मराठीत, हा माझा नेम. पण मराठी म्हणजे तुमच्या अक्षरांत नव्हे. बाळबोध आम्हाला कोणी शिकवलंच नाही, शाळा सगळी तमिळ, म्हणून आईनं मला तमिळ अक्षरांत मराठी लिहायला शिकवलं. शब्द आपले, अक्षरं त्यांची. तो बघा डबा, त्यावर चिठ्ठी आहे, मेथी लिहिलंय, आईचं अक्षर. आत आता साखर असते. चिठ्ठी काढवत नाही.

आई गेली त्याला हा पाऊस धरून दोन वर्षं. तोवर संध्याकाळी बसमधून उतरून आलं की मी दिवसभराचं सगळं तिला सांगायची. ती ऐकायची म्हणता, अर्धं ऐकायची, मध्येच विचारायची, दूध आणलंस का. ती गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी घरात आले, चपला काढल्या, म्हटलं, आज काय झालं माहीत आहे, आणि तशीच उभी राहिले. काय सांगू तुम्हाला. भाऊ रामू चेन्नैला, रविवारी फोन करतो, त्याची मुलं पाच शब्द मराठी बोलतात, त्यातले दोन जेवणाचे. मग मी सांगायचं ते लिहायला लागले. रोज एक पान, कधी दोन. कोणाला वाचायला नव्हे.

आता पाण्याचं. आमच्या भागाला नवी टाकी झाली, उंच, निळी, गच्चीवरून दिसते. पण नवी पाइपलाइन आली ती कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारपर्यंत, म्हणजे गणपतीच्या देवळापर्यंत, तेथें थांबली. पुढची एकोणीस घरं जुन्या लाइनीवर, आणि जुन्या लाइनीत वारा येतो, पाणी येत नाही. एक दिवसाआड पाण्याची लॉरी येते, सगळ्याजणी कुडम घेऊन धावतात, कुडम म्हणजे घागर, आता सगळ्या प्लास्टिकच्या. माझा डावा गुडघा वाकत नाही. एक कुडम आणेपर्यंत लॉरीचा पाइप गुंडाळून झालेला असतो. रामू आला तेव्हा त्यानं मला उंबऱ्याशी बसून घागर ढकलत आत नेताना पाहिलं. म्हणाला, कमलक्का, बस झालं, घर विकू, माझ्याकडे चल. मी म्हटलं, पोंगलपर्यंत थांब. पोंगलच्या आत लाइन मंजूर झाली तर मी येथें, नाही तर तू म्हणशील तेथें. तो म्हणाला, शब्द दिलास हं. दिला.

मग मी कंबर कसली. नगरपालिका म्हणते पैसे वरून आले पाहिजेत, वरून म्हणजे एमएलएनं मागितले पाहिजेत. एमएलएला भेटायचं तर नुसतं पाणी नाही पाणी नाही म्हणून चालत नाही, हजार लोक तेच म्हणतात. कोणत्या घरात किती माणसं, म्हातारं कोण, आजारी कोण, पाणी कोणत्या दिवशी आलं, किती वेळ आलं, हे पाहिजे. चार महिने मी दारोदार फिरले. समोरची सेल्वी, इडलीचं पीठ वाटून विकते, ती बरोबर यायची. ती म्हणायची, मामी, एक नक्कल मलाही द्या की. मी म्हटलं, तुला कशाला, मी आहे ना. ती म्हणाली, तुम्ही पडलात-बिडलात तर? मी म्हटलं, मी तीस वर्षांत रजा घेतलेली नाही.

कौन्सिलरनं शनिवारी सकाळी नऊची वेळ आणली, दहा मिनिटं. आठवडाभर माझ्या ओट्यावर तालीम. सगळ्यांना बसवलं, म्हटलं, कोणी मध्ये बोलायचं नाही, रडायचं नाही, मी बोलेन, तुम्ही माना हलवा. शेजारचे मुरुगेसन अण्णा, बसचे कंडक्टर होते, आता रिटायर, ते म्हणाले, मामी, मान किती वेळा हलवायची तेही लिहून द्या. सगळे हसले. मी हसले नाही, मला वेळ मोजायची होती. एमएलएकडच्या गर्दीत ऐकू गेलं पाहिजे म्हणून मी ओरडून ओरडून म्हणून दाखवायची, रोज चारचार वेळा.

शनिवारी सकाळी उठले, तोंड उघडलं, आवाजच नाही. घसा बसला म्हणजे पार बसला. मिठाचं पाणी, मिरीचं दूध, सेल्वीनं काय काय आणलं, हूं की चूं नाही. सात वाजले. मुरुगेसन अण्णा म्हणाले, घाबरू नका, वही द्या, मी वाचतो, पस्तीस वर्षं गर्दीत ओरडलोय. मी वही दिली. त्यांनी चष्मा लावला, ओट्यावर उभे राहिले, आणि बसमध्ये पुढचा स्टॉप सांगतात त्या आवाजात वाचलं, पहिलें कर, पाणि आलें नाहीं. तुसरें कर, पाणि आलें नाहीं, म्हातारी पडली.

आणि थांबले. पान उलटलं, परत पहिलं काढलं. म्हणाले, मामी, अक्षरं सगळी येतात, कळत काहीच नाही, हे काय आहे?

मी चार महिने तमिळात ऐकलेलं सगळं घरी येऊन आमच्या भाषेत लिहून ठेवलं होतं. मला कळलंच नव्हतं. हातच तसा जायचा, संध्याकाळी वही उघडली की मी आईशी बोलायची, दुसरं काय. तालमीला ते बघत बघत तमिळात बोलायची, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. गल्लीचं सगळं पाणी एका वहीत, आणि ती वही वाचणारी एकटी मी, आणि माझा आवाज गेलेला.

पण खरं सांगू? त्या क्षणी मला एमएलए आठवला नाही, घरही आठवलं नाही. दोन वर्षांनी कोणीतरी या ओट्यावर मोठ्यानं मराठी बोललं होतं. तमिळ अक्षरांत घ नाही, म्हणून घर म्हणायच्या जागी कर म्हणत होते, तरी. मी रडले. मीच रडायचं नाही म्हणून सांगितलेलं. त्यांना वाटलं घशासाठी रडते. मी बोटानं खूण केली, अजून वाचा. सेल्वी म्हणाली, मामीला ताप चढला की काय. अण्णांनी आणखी चार ओळी वाचल्या, न समजता, इमानानं, आणि मी ऐकल्या.

मग कागद ओढला, तमिळात उतरवायला बसले. साडेआठ झाले, तीनच घरं झाली. सेल्वीनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाली, मामी, माझ्या घरचं पाणी मला माहीत नाही होय? ज्याचं त्यानं बोलावं. मी डोकं हलवत होते, नाही नाही म्हणून, पण आवाजाशिवायचं नाही कोण ऐकतं.

एमएलएच्या घरी अकरापर्यंत बसवलं. आत गेलो, तर एकेक जण आपलं बोलला. क्रम चुकला, मध्ये बोलले, एकजण रडलीही. सेल्वी म्हणाली, माझी सासू लॉरीमागे धावताना पडली, खुबा मोडला, आता ती कुडमाचा आवाज आला की अंथरुणातच हात उचलते. हे माझ्या वहीत एवढंच होतं, म्हातारी पडली. मी तिच्या घरी जाऊन बसले होते, कॉफी प्याले होते, आणि दोन शब्द लिहून पुढच्या घरी गेले होते.

एमएलएनं माझ्या मांडीवरची वही मागितली. चाळली, ओठ हलवले, विचारलं, ही कोणती भाषा? अण्णा म्हणाले, सर, आमच्या मामींची घरची भाषा, आमच्या गल्लीचं पाणी हिच्यात लिहिलेलं आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं, विचारलं, अम्मा, गल्लीत हे वाचणारे किती जण आहेत?

मी एक बोट दाखवलं.

कौन्सिलरनं करून दिलेल्या अर्जावर त्यानं काहीतरी लिहिलं, म्हणाला, सभागृहात मागतो, मिळेल असा शब्द देत नाही. खरं बोलला एवढं तरी.

पोंगलच्या आठ दिवस आधी पालिकेची दोन माणसं टेप घेऊन आली, प्रत्येक उंबऱ्यासमोर चुन्याची खूण करून गेली. येताना पाहिलीत ना, दारात पांढरं फूल काढल्यासारखं, तीच. पाइप अजून नाही. मी रामूला फोन केला, चुना पडलाय. तो म्हणाला, चुना म्हणजे मंजुरी नव्हे, अक्का. मी म्हटलं, नव्हे, पण मी चुन्यावर रांगोळी काढत नाही, खूण पुसली जाऊ नये म्हणून, तू समज. तो हसला, म्हणाला, आणखी एक पोंगल. मी राहिले. लॉरी आली की सेल्वी आता आधी माझा कुडम भरते. बरं वाटतं, आणि मेलं वाईटही वाटतं. नवी वही तमिळात आहे, तिची नक्कल सेल्वीकडे. जुनी माझ्याकडे.

बाकी घर तसंच. संध्याकाळी चपला काढते, काही म्हणत नाही. पण सकाळी लॉरीच्या दिवशी मुरुगेसन अण्णा त्यांच्या दारातून गंमत म्हणून ओरडतात, पहिलें कर, पाणि आलें नाहीं! तेवढंच पाठ झालंय त्यांना. मी आतून ओरडते, होय अण्णा, नाहीं आलें. एवढं माझं दिवसाचं मराठी.

तुम्ही पुण्याला जाल, तुमच्या नळाला पाणी असो, घरात बोलायला माणूस असो. मी येथलं बघते. पाइप आला की अण्णांना दुसरं वाक्य शिकवायचंय, ते लिहून ठेवलंय वहीत, शेवटच्या पानावर. घ कसा म्हणायचा तेही शिकवीन म्हणत होते, पण नको. कर बरं वाटतं कानाला.