पडद्याशेजारची बाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय ओनील सर, वाचनालयाच्या कार्यवाह अनुजाताई, व्यासपीठावरचे आणि व्यासपीठाच्या आशेनं पहिल्या रांगेत बसलेले मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ग्रंथपाल सुभद्राबाई परब, आणि परळ-लालबागच्या रसिक बंधुभगिनींनो,

प्रथम एक गंभीर तक्रार. हा माईक सुभद्राबाईंच्या उंचीला लावलेला आहे आणि तो वर होत नाही. स्क्रू गंजलाय म्हणे. म्हणजे बाईंचा गौरव मला वाकूनच करावा लागणार. संस्थेनं हे ठरवून केलं असेल, तर संस्थेचं अभिनंदन.

गौरवाचे चार शब्द मी आणलेले आहेत. पण आधी खरं सांगते : गेली नऊ वर्षं मी या बाईंचा मनापासून हेवा करते आहे.

का करू नये? एका काळ्या अमेरिकन लेखिकेची कादंबरी मी तीन वर्षं खपून मराठीत आणली. लोकांचे कपडे धुणारी आई, शहरात पळून गेलेली मुलगी. पाचशे प्रती छापल्या. त्यातल्या बहुतेक प्रती प्रकाशकांच्या पलंगाखाली सुखानं नांदत होत्या. तेवढ्यात सुभद्राबाईंनी याच सभागृहात काळ्या लेखिकांच्या कादंबऱ्यांवरचे सिनेमे दाखवायला घेतले. इंग्रजी संवाद इथे कितीजणींना कळणार? म्हणून सिनेमाचा आवाज बारीक करून बाई पडद्याशेजारी उभ्या राहायच्या आणि सगळ्या पात्रांचं मराठीत स्वतःच बोलायच्या. माझ्या कादंबरीवरचा सिनेमा लागला, त्या दिवशी मी चौथ्या रांगेत बसले, मांडीवर माझं पुस्तक घेऊन. चुका काढायला, दुसरं काय.

सिनेमावाल्यांनी नेहमीचंच केलं होतं. कादंबरीत आई चाळीस पानं मनाशी बोलते; ती कापून तिथे नदी, सूर्यास्त आणि व्हायोलिन. गोऱ्या वकिलाला मात्र दोन प्रसंग जास्त. मी खूश. आता बाई इथे काय बोलणार? तर पडद्यावर आई मुकाट कपडे आपटत होती, आणि माझी चाळीस पानं सुभद्राबाईंच्या तोंडून मालवणीत येत होती. पुढे अकरा वर्षांनी मुलगी दारात उभी राहते. माझ्या अनुवादात आई म्हणते, "तुझ्या वियोगानं मी किती व्याकूळ झाले होते, याची तुला कल्पना नाही." सुभद्राबाई म्हणाल्या, "इलंस? हात धुव. जेवूक बस."

सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज. शेजारच्या शेवंतीबाई, जुन्या गिरणी कामगार, डोळे पुसत मला विचारतात, ही गोष्ट सुभद्रानं लिवली काय? मी म्हटलं, नाही, अमेरिकेतल्या एका बाईंनी. स्वतःचं नाव काही तोंडातून निघेना.

चहाच्या वेळी मी जरा तिखटच विचारलं, एवढं सगळं कुठून आणलंत?

"तुमच्याच पुस्तकातनं, मॅडम. तीनदा वाचलं. मराठी जरा कडक इस्त्रीचं होतं, म्हणून भिजत घातलं."

लोकाग्रहास्तव तो सिनेमा आणखी तीनदा झाला. तिन्ही वेळा मी हजर. पलंगाखालच्या प्रती संपल्या, आणि दुसऱ्या आवृत्तीत माझ्या बाया मालवणी बोलू लागल्या. परीक्षणांत अनुवादिकेच्या तयार कानाचं कौतुक झालं, पुरस्कार मिळाला, आणि सत्काराला उत्तर देताना मी सांगितलं, की ही बोली मी गिरणगाव पायी हिंडून गोळा केली. हिंडले कुठे? चौथ्या रांगेत, मांडीवर फोन रेकॉर्डिंगला लावून बसले होते.

सुभद्राबाई त्या कार्यक्रमाला आल्या होत्या, अबोलीचा वळेसर माळून. मला भेटल्या आणि म्हणाल्या, "छान बोललात, मॅडम." बस्स, एवढंच. चार माणसांत भांडल्या असत्या तर मी हेवा तरी सोडला असता.

असो. बाई, शाल-श्रीफळ अध्यक्ष देतीलच. तिसऱ्या आवृत्तीची पहिली प्रत सकाळी तुमच्या टेबलावर ठेवली आहे. वाचनालयाची नाही, तुमची. अनुवादक म्हणून मुखपृष्ठावर आता दोन नावं आहेत. वरचं तुमचं. त्याचं मला अजून थोडं वाईट वाटतं, पण छापून झालंय.

अध्यक्षांचे, आयोजकांचे आणि चहा थांबवून ऐकत बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. आजच्या भाषणात काही कमीजास्त झालं असेल, तर ते मात्र एकट्या माझ्या नावावर धरा, आणि पोटात घाला.