अध्यक्षांशिवाय समाजसुधारणा

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या हॉलबाहेर, रांगेत शरयूच्या मागे एक काका आणि त्यांची पुतणी उभी होती. शरयूने हळूच इअरफोन काढून ठेवले.

“हे नायजेरियन गायक नक्की काय सुरू करतायत?”

“मुलींच्या शिक्षणासाठी चळवळ, काका. आज लाँच आहे.”

“अध्यक्ष कोण?”

“कोणीच नाही.”

“अध्यक्षांशिवाय समाजसुधारणा? बरं, दीपप्रज्वलन?”

“फायर अलार्म वाजेल. डायरेक्ट गाणी सुरू.”

“आणि भाषणं?”

“जे बोलायचं ते गाण्यातच बोलतात.”

“मी चार शब्द लिहून आणलेत. मंडळात आभारप्रदर्शन कायम माझ्याकडेच असतं.”

“इथे ते गाऊन करावं लागेल.”

रांग पुढे सरकली. काकांनी घसा खाकरला.

“त्यांना सांगून ठेव, माझी पट्टी काळी एक.”