सोपानरावांची ट्रायल

न्हाई, पण मी म्हणतो, ट्रायल म्हंजे ट्रायलच ना राव? ट्रायल म्हंजे घेतली, हे कुणी ठरवलं? दुकानात पायताण पायात घालून दोन पावलं चालून बघितलं म्हंजे लगीच कुणी पेढे वाटतं का? पण आमच्या पिंपळवंडीला कोण सांगणार! तुमाला सांगतो, सोपानरावांसारखा माणूस, कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई, त्या माणसाला तोंड लपवत मळ्यातल्या वाटंनं घरी जायची पाळी आली, ती कशापायी? एका ट्रायलपायी. आन् तीबी नुसती ट्रायल व्हती हो, नुसती ट्रायल!

आता सोपानरावांना ही हौस सुचली कशी, असं इचाराल, तर त्याला कारण त्यांची जीप. तुमी बघितली न्हाई ती? रंग कोंचा म्हणाल तर ज्या बाजूनं बघाल तो. दार सुतळीनं बांधलेलं, पायाखाली पत्र्याला भोक, त्यातनं पळता रस्ता दिसतो, पान खाणाऱ्याची तेवढीच सोय! आन् स्टार्टर नावाला. ती चालू व्हायची धक्क्यावर. म्हणून जीप लावायची ती उतार बघून. सोपानराव भीमाशंकरला गेले तरी आधी उतार बघणार, मग देव. आन् उतार न्हाई घावला तर गाव हायच की! सोपानराव ष्टेरिंगवर बसले की पारावरचा माणूस आपसूक उठतो, बिडी कानावर ठेवतो आन् मागून हात लावतो. माझ्या ह्या खांद्याचं दुखणं त्या जीपचंच हाय. डॉक्टर म्हणतो वात हाय. वात कसला, जीप हाय ती!

पण एक सांगतो, त्याच जीपनं गावातल्या निम्म्या नवऱ्या सासरी पोचवल्या, टमाटं बाजारात नेलं, आन् सोपानरावांची आई, सारजाबाई, तिच्या डोळ्याच्या आपरेशनला तीच जीप पुण्याला जाऊन आली. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं राहिलं, म्हणून म्हातारी बघती कमी आन् चाचपती जास्त. तर सोपानरावांना जीपची लाज कधीच वाटली नव्हती. ती वाटायला लावली कुशाबानं.

कुशाबा म्हंजे सोपानरावांचा साडू, बोरी बुद्रुकचा. त्याच्या थोरल्या लेकीचं लगीन. सोपानराव सगळं बिऱ्हाड जीपमधी घालून गेले, आन् जीप बरोब्बर मांडवाच्या तोंडाशी बंद पडली. मागं नवऱ्या मुलाची गाडी, तिच्यामागं बँड. आता साडू म्हणून चार माणसं गुपचूप धाडावीत की न्हाई? कुशाबानं काय केलं, माईक घेतला! आन् भोंग्यावरनं, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं, "पिंपळवंडीकर पावण्यांची जीप बंद पडलेली हाय… ज्यांचं ज्यांचं जेवान झालंय त्यांनी धक्का द्यायला यावं… ज्यांचं ज्यांचं जेवान झालंय…" दोनदा! सारा मांडव हसला, भटजीबी हसला. सोपानराव ष्टेरिंगवर मान खाली घालून बसले, कानापर्यंत लाल. घरी आले ते जेवले न्हाईत. भागूवैनी, म्हंजे त्यांच्या मंडळी, म्हणाल्या, "अवं, गंमतीनं बोलले ते." सोपानराव म्हणाले, "गंमत माईकवर करत्यात व्हय?"

तेव्हापासनं मनात एकच, कुशाबाच्या डोळ्यासमोरनं एकदा तरी चांगल्या गाडीतनं जायाचं. एकदाच! आन् त्याच टायमाला नारायणगावच्या बाजाराशेजारी पुण्याच्या कुठल्याशा शोरूमवाल्यांनी मांडव टाकला. टमाट्याला बाजार बरा व्हता त्या साली, त्यांना वास लागणारच. मांडवात एक गाडी, काळी, लांबडी, जमिनीला पोट टेकलेली. सोपानराव क्रेट उतरवून सहज बघायला गेले. आता डेमोचं म्हणाल तर सोपानरावांना त्याची लाज न्हाई. ट्रॅक्टर कंपन्या डेमोला आल्या की हे आपलं रान दाखवायचे. एक कंपनी नांगरून जायची, दुसरी रोटर मारून जायची, सोपानराव पेरणीपुरते मोकळे! कंपनीला चहा पाजला की हिशेब मिटला. तर त्यांना वाटलं, हेबी तसंच. नुसती ट्रायल!

तिथं हर्षाली म्याडम म्हणून एक पोरगी, कोट घालून, उन्हात! म्हणाली, "सर, टेस्ट ड्राइव्ह घ्या ना!" सर! राव, सोपानरावांना सर म्हणणारं माणूस तोवर जन्माला आलं नव्हतं. ते मागं वळून बघाया लागले, मास्तर आले का काय! ती म्हणती, "सर, स्पोर्ट्स सिडान आहे. पिकअप बघाच हिचा!" सोपानराव म्हणाले, "पिकअप? क्रेट कुठं ठेवायचे हिच्यात?" म्याडम हसली. हसली पण कशी, भोंग्यावर न्हाई. तिथंच सोपानराव अर्धे विकले गेले.

बसले तर खालीच गेले! जीपमधी चढायचं असतं, हिच्यात उतरायचं. दार लावलं, नुसतं 'थप्' झालं. जीपचं दार लावलं की शेजारची कोंबडी उठती. मग म्याडम पट्ट्यानं बांधाया लागली, हे म्हणाले, "म्याडम, मी पळून जात न्हाई." किल्ली फिरवली… काय न्हाई. आवाज न्हाई, हादरा न्हाई, धूर न्हाई. सोपानरावांचा चेहरा पडला. "म्याडम, न्हाई झाली चालू. बसा तुमी, मी धक्का देतो." ती म्हणती, "सर, गाडी चालूच आहे!"

आन् मग हायवेला लागली म्हणता… अहो, जीपला चाळीसच्या वर नेली की आरसा थरथरतो, मागच्या एका ट्रकाचे चार दिसत्यात, आन् सोपानरावांच्या कवळीला डाव्या हातानं आधार द्यावा लागतो. हिच्यात पायाचं बोट हलवलं की पाठ सीटला चिकटली! येष्टी मागं, ट्रक मागं, कांद्याचे टेंपो मागं. गार वारं, आन् तेबी पत्र्याच्या भोकातनं न्हाई, जाळीतनं, वासाचं! सोपानराव मला नंतर म्हणाले, "खरं सांगू का, त्या वाऱ्यात मला माझ्याच अंगाच्या टमाट्याच्या वासाची लाज वाटली." म्याडम म्हणाली, "सर, आता यू-टर्न घेऊ." पण पुढं पिंपळवंडीचा फाटा आला आन् गाडी वळली. सोपानराव म्हणत्यात हाताच्या सवयीनं वळली. मी म्हणतो, हात कशाला वळतोय, मनच वळलं! कारण त्या दिवशी कुशाबा लग्नातल्या सतरंज्या परत द्यायला सोपानरावांच्याच दारात यायचा व्हता. घरापुढनं एक चक्कर, काच खाली, एक हात वर, बास. नुसती ट्रायल!

पण नारायणगावच्या बाजारात आमच्या गावचे काय कमी असत्यात? कुणी तरी बघितलं, कुणी तरी मोबाईल लावला, "सोपाननानानं गाडी घेतली! काळी! म्याडम सोडायला येतीय!" झालं. गाडी आळीत शिरली तर सारा गाव दारात. हार आणलेला, नारळ आणलेला, कुणी तरी पेढेबी आणले, सोपानरावांच्या नावावर! आन् पायरीवर सारजाबाई, नवं लुगडं नेसून, हातात ओवाळायचं ताट. हे बघून सोपानरावांनी सवयीनं गाडी दारापुढच्या उतारावर लावली आन् तसेच बसून राहिले. इंजिन चालूच. म्याडम म्हणती, "सर, बंद करा ना." हे म्हणत्यात, "बंद केल्यावर चालू कोण करील?"

कसे तरी उतरले. तर समोर कुशाबा, काखंत सतरंजी. गाडीकडं बघतोय, सोपानरावांकडं बघतोय. म्हणाला, "साडूभाऊ… घेतली?"

तुमाला सांगतो, तिथं एकच शब्द बोलायचा व्हता. ट्रायल! तीन अक्षरं. नुसतं म्हणायचं, "न्हाई राव, ट्रायलची हाय," आन् हसायचं. आमी सगळेच हसलो असतो, पेढे तर खाल्लेच असते. पण त्यांनी आईकडं बघितलं. ताटातला दिवा वाऱ्यानं इझू नये म्हणून म्हातारीनं पदर आडवा धरलेला… आन् सोपानरावांच्या तोंडातनं निघालं, "हां."

गेलं! त्या 'हां'नं सगळं गेलं. म्याडम उडीच मारायची राहिली. "सर, खरंच? अभिनंदन सर!" लगीच फोन काढून सायबाला, "सर, पिंपळवंडीचं कन्फर्म झालं, माझं पहिलंच!" पहिलंच! सोपानरावांना वाटलं, आता भुई दुभंगावी आन् आपुन जीपसकट खाली जावं.

बायका ओवाळाया पुढं झाल्या, तर म्हातारी म्हणाली, "थांबा गं. आधी थोरलीला." कोण थोरली? तर चाचपत चाचपत गेली ती गोठ्याशेजारच्या जीपपाशी! तिला कुकू, तिला हळद, तिच्यापुढं नारळ, हारबी तिलाच. "धाकटी आली म्हणून थोरलीनं रुसायचं न्हाई," असं म्हणून मग ह्या काळ्या गाडीकडं आली, हात फिरवला, बोटभर कुकू लावलं, दिवा ओवाळला. आन् सोपानराव? उभे. आईला आपण खोट्याची आरती करायला लावली, ह्याची लाज साऱ्या अंगाला सुटली, पण तोंड काय उघडंना.

तिकडं म्याडम गाडी बंद करून, किल्ली घेऊन, बायकांना डिक्की दाखवायला गेली. इकडं सोपानरावांना एकच झालं, आता हिथनं निघायचं. ते झटक्यात आत बसले. आन् उतारावर गाडीत बसलं की त्यांचा हात जातो कुठं? हॅन्डब्रेकवर! हॅन्डब्रेक सोडला, काचंतनं हात बाहेर काढला, आन् जन्माच्या सवयीनं ओरडले, "हां… लावा!"

आता मला सांगा, आमची चूक काय? सोपानराव ष्टेरिंगवर, हात बाहेर, "लावा" म्हणाले, गावानं बघत बसायचं व्हय? लावला! सगळ्यांनी लावला, मी ह्या खांद्यानं लावला. धाकटी निघाली सुसाट. मागनं म्याडम किंचाळती, "सर! किल्ली माझ्याकडे आहे!" आत ष्टेरिंग लॉक, ब्रेक दगडासारखा, सोपानराव मागं वळून आमच्याकडं बघत्यात, आमाला वाटलं खूष झाले, आमी आणखी लावला! आन् गाडी सरळ गेली ती उकिरड्यात. नशीब, खत कुजलेलं व्हतं, मऊ. ओरखडा न्हाई. नुसतं नाक आत.

मग कुशाबानं सतरंजी खाली ठेवली, दोन्ही हातांचा भोंगा केला, आन्, "ज्यांनी ज्यांनी पेढा खाल्लाय…"

पुढचं सांगायला नको. काळीला बाहेर काढायला जीप आणली. जीपला आधी आमी धक्का दिला, मग जीपनं काळीला ओढलं. गळ्यात हार घातलेली थोरली पुढं, शेणानं माखलेली धाकटी दोरानं मागं. धुतली, पुसली. म्याडमनं हळूच इचारलं, "सर, बुकिंग आज करायचं ना?" तेव्हा कुठं सोपानराव पायाच्या बोटांकडं बघत म्हणाले, "म्याडम… माफ करा. नुसती ट्रायल व्हती." पोरीचा चेहरा उतरला, पण बोलली काय न्हाई. ते न बोलणं कुशाबाच्या भोंग्यापेक्षा जास्त लागलं बघा. सोपानरावांनी डिक्कीत टमाट्याचं एक क्रेट ठेवलं, निवडून, लाल. म्हंजे पिकअप निघालीच शेवटी!

आन् मग सुरू झालं. म्हातारी रोज इचारायची, "सोपाना, धाकटी कधी येणार रं?" सोपानराव सांगायचे, "सर्व्हिसिंगला हाय, आये." गावानं इचारलं, सर्व्हिसिंगला. कुशाबानं बोरीवरनं फोन केला, सर्व्हिसिंगला! पारापुढनं जायचं म्हटलं की मळ्यातली वाट धरायचे. हा पिंपळवंडीचा माणूस स्वतःच्या गावात चोरासारखा राहाया लागला.

श्रावणात आईला घेऊन भीमाशंकरला निघाले. जीपनंच. धक्क्याला माणूस लागतं म्हणून मी मागं व्हतोच. घाटाच्या आधी म्हातारी एकाएकी म्हणाली, "सोपाना, ती डेमोची व्हती न्हवं?" सोपानरावांचा पाय ब्रेकवर! "आये… तुला कुणी सांगितलं?" म्हणाली, "कुणी कशाला सांगाया पायजे? कुकू लावताना हात फिरवला मी. एक पोचा न्हाई, एक ओरखडा न्हाई. आपल्या घरची वस्तू अशी असती व्हय कधी?"

सोपानराव रडकुंडीला आले. "मग तवाच का न्हाई बोललीस?"

"साडू हुबा व्हता की रं म्होरं. आन् तू 'हां' म्हणला व्हतास. चारचौघांत लेकाला खोटं पाडू? मीबी समद्या गावाला तेच सांगती, सर्व्हिसिंगला हाय."

सोपानरावांनी उपरण्यानं डोळं पुसलं, आन् गियर टाकाया गेले तर काय… मघाच्या त्या ब्रेकनं जीप बंद पडलेली. पुढं सगळा चढ, उताराचं नाव न्हाई, मागं भाविकांच्या गाड्यांचे हॉर्न. म्हातारीनं पुढच्या दांडीला घट्ट धरलं आन् म्हणाली, "उतर आता. ही काय ट्रायलची न्हाई."

उतरलो राव. दोघंबी.